पोटातला पेंढा

मी एक जुनी लाल बादली आहे. सांडोरच्या वाटेवर, केळीच्या वाड्यांच्या कडेला एक बैठी शाळा आहे. तिच्या पाचवीच्या वर्गाबाहेर, ओटीवरच्या लोखंडी आकड्याला मी टांगलेली असते. मित्रांनो, तुम्ही माझ्यासारखी बादली पाहिली असेल, पण तिच्याकडे नीट पाहिलं नसेल. आमच्याकडे नीट कोणी पाहत नाही. माझ्या गोष्टीत सगळी भीती तिथूनच सुरू होते.

माझा जन्म वसईच्या पूर्वेला, पत्र्याच्या कामाच्या एका गाळ्यात झाला. तिथल्या कारागिराने माझा तळ मुद्दाम गोल ठोकला. जमिनीवर ठेवलं की मी लवंडते. मला वाटलं, याचा हात चुकला. तो मात्र शेजारच्याला म्हणाला, "हिला सपाट बूड दिलं तर उद्या कोणी कपडे भिजवायला नेईल. हिचं काम एकच. टांगून राहायचं आणि वाट बघायची."

मग मला लाल रंग लागला आणि पोटावर पांढऱ्या रंगात दोन अक्षरं आली. ती काय आहेत हे मला कळलं नाही. मला लिहिता-वाचता येत नव्हतं. शाळेत आले तेव्हा मला वाटलं, हे माझं नावच असणार. कितीतरी वर्षं मी त्या नावाचा अभिमान बाळगून होते. त्या वेळी पहिलीचा वर्ग माझ्या समोर भरायचा. मुलं रोज ओरडून अक्षरं लावायची. ऐकता ऐकता म्हातारपणी मलाही ती येऊ लागली. एक दिवस एका पोरीने माझ्या पोटावर बोट ठेवून वाचलं, "आ... ग. आग."

तेव्हा कळलं, ते माझं नाव नव्हतं. ज्याच्याशी मला लढायचं होतं, त्याचं नाव माझ्या पोटावर लिहिलं होतं. त्या दिवसापासून माझी शांत झोप गेली.

सुरुवातीच्या वर्षांत माझी काळजी घेतली जायची. शाळेचे शिपाई हरेश्वरमामा दर महिन्याला माझी वाळू चाळायचे. मामा खाडीकाठच्या शेतकरी घरातले. त्यांचे हात भातशेतीत रापलेले होते. वाळू चाळताना माझ्याशी बोलायचे, "बघ, अशी कोरडी पायजे. ओली झाली की गोळा होते." कौतुक म्हणतात ते मला तेवढंच मिळालं आणि ते पुरेसं होतं. मग हळूहळू चाळणी गंजली. मुलं माझ्यात पेन्सिलीची सालं टाकू लागली. मी काही बोलले नाही. वाळू आत होती तोवर मला कशाची तक्रार नव्हती.

दोन वर्षांपूर्वी पाचवीच्या मुलांना टॅब मिळाले. पाटीएवढी, काचेची, उजेड पाडणारी वस्तू. वर्गात दाराशी एक कपाट आलं. त्यात टॅब रांगेने उभे राहायचे आणि रात्रभर वीज प्यायचे. माझ्यापासून ते कपाट चार पावलांवर होतं. विजेचा तो बारीक गुणगुणणारा आवाज ऐकला की मी आपल्या पोटातली वाळू मनातल्या मनात तपासायचे. आहे. भरलेली आहे.

मग गेल्या वर्षीचा डिसेंबर आला. आमच्या शाळेत नाताळचा गोठा करायची पद्धत आहे. हिंदू मुलं, ख्रिस्ती मुलं, सगळी मिळून करतात. पाचवीच्या ॲनिशा टीचरनी ओटीच्या कोपऱ्यात पेंढ्याचं छप्पर उभं केलं. मुलांनी मातीची मेंढरं केली. बाळ येशूच्या भेटीला येणाऱ्या तीन राजांचे उंट तयार झाले आणि कोणाच्या तरी लक्षात आलं, उंटांना वाळवंट हवं.

"वाळू आनू कुठून आता?" मामा म्हणाले. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. "ही आहे ना. नाताळ झाला की परत भरून टाकीन."

माझी वाळू उंटांच्या पायाखाली गेली. गोठा फार सुंदर झाला, हे मला मान्य आहे. मुलं त्याच्यापुढे हात जोडून उभी राहायची. मी रिकाम्या पोटाने वर टांगलेली होते आणि दिवस मोजत होते.

जानेवारीत तीन राजांचा सण झाला आणि गोठा उतरवला. वाळू झाडली गेली ती पपईच्या बुंध्याशी. तेवढ्यात वरून पत्र आलं. आपत्कालीन तयारीचा तक्ता शनिवारपर्यंत भरून पाठवा. मामांची धांदल उडाली. किनाऱ्यावर जायला वेळ नव्हता. त्यांनी गोठ्याचा वाळका पेंढा माझ्यात दाबून भरला आणि वरून दोन ओंजळी वाळू पसरली. वरून पाहिलं तर मी काठोकाठ भरलेली दिसत होते.

मित्रांनो, विचार करा. आगीशी लढायला जिला ठेवलं, तिच्या पोटात वाळका पेंढा. मला ओरडायचं होतं. पण बादलीला तोंड असतं, आवाज नसतो.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर शिक्षकांची बैठक पाचवीच्या वर्गात बसली. तिथला पंखा बरा होता. दार उघडं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. मुख्याध्यापिका विनिता मॅडमनी कागद समोर धरला.

"दोनच विषय आहेत, लवकर संपवू. पहिला, आपत्कालीन तयारी. सोमवारी सराव आहे. लांब घंटा वाजली की मुलांनी दप्तर, डबा, काही घ्यायचं नाही. आहे तसं मैदानात. दुसरा विषय टॅब. एकही टॅब बाकावर सुटा राहता कामा नये. वर्गाबाहेर पडण्याआधी कपाटात, नंबरवारीने."

ॲनिशा टीचरनी हात वर केला. "मॅडम, लांब घंटा वाजली आणि टॅब हातात असला तर?"

 सदानंद सर, ज्यांच्याकडे सुरक्षा समिती होती, ते म्हणाले, "टीचर, त्याचं वेगळं परिपत्रक येईल. तोवर मुलांना दोन्ही हातांनी टॅब धरून पळायला सांगा."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. "मुलांना कळतं हो तेवढं," म्हणाल्या आणि कागद उलटला.

मग सरांनी तक्ता काढला. "वाळूची बादली..." खुर्चीतून मान वाकडी करून त्यांनी दारातून माझ्याकडे पाहिलं. "आहे. भरलेली." आणि खूण केली. माझ्यापासून सहा पावलांवर बसले होते ते. उठले असते तर?

दाराशी चहाचा ट्रे घेऊन मामा उभे होते. त्यांनी नजर खाली घातली आणि कप वाटायला सुरुवात केली.

शनिवारी मधल्या सुट्टीत माझ्यापाशी खुशी आली. पाचवीतली, शांत, दोन वेण्यांची पोरगी. ती आठवडाभर रोज येत होती. कोणी नसताना टॅब भिंतीला टेकवून दोन्ही तळव्यांनी दाबायची. आतली बॅटरी फुगल्याने तिच्या टॅबची पाठ वर आली होती, पावाच्या पाठीसारखी. तिने त्याला दोन रबरं लावली होती आणि वरून आईने शिवलेली कापडी खोळ चढवली होती. मी ऐकलेलं होतं, टॅब बिघडला तर जबाबदारी पालकांची, असं लिहिलेल्या कागदावर तिच्या बाबांनी सही केली होती. तीनदा वाचून. पोरीला वाटत होतं, आपल्याच हातून काही बिघडलं. दाबून दाबून ती ते नीट करू पाहत होती.

त्या दिवशी दाबता दाबता तिने सहज माझ्या वाळूत बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत गेलं आणि अडलं. तिने वाळू बाजूला केली. पिवळी काडी वर आली.

मामा झाडू घेऊन तिथेच होते. "मामा," ती म्हणाली, "हिच्यात पेंढा आहे."

मामांनी इकडेतिकडे पाहिलं. "गप बाय. उद्या रविवार. किनाऱ्यावरून वाळू आनतो नि भरतो."

"पण सोमवारी सराव आहे."

"सरावाला कुठे आग लागते?" मग मामांची नजर तिच्या हाताकडे गेली. "आनि तुझ्या टॅबाला रबरं कशाला लावलीत? मी विचारलं का?"

खुशीने खोळ ओढून घेतली. तिने ती काडी परत आत खुपसली आणि वाळू सारखी केली. दोघांनी एकमेकांचं झाकलं. मला मात्र दोन्ही दिसत होतं आणि दोन्ही माझ्या चार पावलांच्या आतलं होतं.

रविवारी मामांच्या घरी लेक-जावई आले. वाळू राहिली.

सोमवारी साडेदहाला लांब घंटा वाजली. बाकीचे वर्ग धावत मैदानात गेले. पाचवीची मुलं मात्र नियमाने वागली. मुलं शहाणी होती, हाच घोटाळा झाला. एकेचाळीस मुलं कपाटापुढे नंबरवारीने उभी राहिली. रांग दारातून वळून ओटीवर आली. घंटा वाजते आहे आणि पोरं टॅब छातीशी धरून आपला नंबर येण्याची वाट बघताहेत. सदानंद सर घड्याळ हातात धरून आले आणि थबकले.

"अरे, हे काय? रेशनच्या दुकानात आलात का? बाहेर निघा."

"सर, टॅब कपाटात ठेवल्याशिवाय वर्ग सोडायचा नाही," पुढचा मुलगा म्हणाला.

खुशीचा नंबर शेवटचा. ती बरोबर माझ्याखाली उभी होती. गर्दीत टॅब दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलेला. मला आधी वास आला. गोडसर, रंगाच्या डब्यासारखा. मग खोळीतून धुराची एक रेघ निघाली.

"टीचर, गरम झालाय," ती हळू म्हणाली. एवढ्या हळू, की मलाच ऐकू आलं. मग तिच्या बोटांना चटका बसला आणि टॅब लादीवर पडला. फस्सकन आवाज झाला. खोळ पेटली.

ॲनिशा टीचरनी एकही क्षण घालवला नाही. "मागच्या दाराने. टॅब टाका, हात धरा, चला." मुलं ढकलत, अडखळत दुसऱ्या दाराने निघाली. सरांनी मला आकड्यावरून ओढलं. इतक्या वर्षांनी माझी वेळ आली होती आणि जगात कोणालाही वाटली नसेल एवढी भीती मला वाटली. सरांना मी हलकी लागले. त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलंही. पण तोवर हात वळला होता.

दोन ओंजळी वाळू सांडली. तिच्यामागून सगळा पेंढा त्या जळत्या टॅबावर गेला.

ज्वाळा सरांच्या कमरेएवढी उठली. टीचर मागच्या दारातून शेवटच्या मुलांना ढकलत होत्या, खुशी मात्र ओटीवरच भिंतीला चिकटून उभी होती. तिच्या आणि पायरीच्या मध्ये आग होती. सर भिंतीवरच्या आग विझवायच्या लाल नळकांड्याकडे धावले, पण त्याची खीळ त्यांच्याने निघेना. "पाणी," कोणीतरी मैदानातून ओरडलं.

"पानी नको, विजेचं आहे ते," मामा ओरडत आले. त्यांनी झाडूने जळता पेंढा टॅबावरून बाजूला, मोकळ्या लादीवर लोटला. पायांनी विस्कटला. मग मला कडीला धरून उचललं आणि त्या फुसफुसणाऱ्या टॅबावर पालथं घातलं. कोंबडीच्या पिल्लांवर टोपली घालतात तसं. आणि माझ्या गोल बुडावर हात ठेवून दाबून धरलं.

आत काय झालं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. टॅब दोनदा फुटला. पत्रा तापला, मामांनी हात काढून शर्टाचा बोळा धरला, पण मला सोडलं नाही. सरांची खीळ निघाली आणि पांढऱ्या भुकटीने पेंढा विझला. मामांनी मान न वळवता सांगितलं, "खुशी बाय, आता जा. भिंतीच्या कडेने." ती गेली.

तिच्या दोन बोटांवर फोड आले आणि मामांचा तळहात भाजला. बाकी कोणाला काही झालं नाही. एवढंच झालं, हे आजही मला खरं वाटत नाही.

दुपारी मॅडमनी सगळ्यांना ओटीवर बोलावलं. मी काळी पडून लादीवर लवंडलेली होते. माझ्यावरची अक्षरं जळून गेली होती.

"हिच्यात पेंढा कोणी भरला?"

"मीच," मामा म्हणाले. त्यांना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

"सांगितलं का नाहीत?"

"भ्यालो. आनि बघितलं कुनी? सर खुर्चीवरून बघून गेले."

सदानंद सर पुढे झाले. मग त्यांनी तक्त्याची प्रत काढली आणि ती खूण खोडली. तेवढ्यात पट्टी बांधलेली बोटं पुढे करून खुशी म्हणाली, "मला माहीत होतं मॅडम. मामांना माझं माहीत होतं, मला त्यांचं." आणि ती रडायला लागली.

 "ॲनिशा टीचरनी मला एक प्रश्न विचारला होता," मॅडम म्हणाल्या. "मी हसले होते."

मामांना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी घडी करून खिशात ठेवली. दोन नियमांचा एक नियम झाला. घंटा वाजली की टॅब असेल तिथे सोडायचा. फुगलेला टॅब त्याच घटकेला सांगायचा, आणि सांगणाऱ्याला कोणी रागवायचं नाही. पालकांच्या सहीचा कागद मॅडमनी बदलून घेतला. खुशीच्या बाबांनी तोही तीनदा वाचला.

मला टाकून द्यायचं ठरत होतं. मामा म्हणाले, "राहू दे. पोक आलाय, पन भोक नाय." त्यांनी मला घासलं, लाल रंग दिला, किनाऱ्यावरची वाळू वाळवून चाळून भरली. सरांनी अक्षरं काढायला ब्रश घेतला. खुशी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "सर, आत जे आहे ते लिहा ना." सरांनी ब्रश तिच्या हातात दिला. आता माझ्यावर जरा वाकड्या अक्षरांत 'वाळू' असं लिहिलेलं आहे.

दर सोमवारी पाचवीतलं एक मूल बाही वर करून माझ्यात कोपरापर्यंत हात घालतं. वर्ग विचारतो, "तळ लागला?" ते म्हणतं, "लागला." तेवढ्यापुरती माझी काळजी मिटते.

पण मित्रांनो, मे महिना जवळ आला आहे. शाळा बंद राहील आणि सहा आठवडे माझ्यात कोणी हात घालणार नाही. नंतर नवी पाचवी येईल. कदाचित पुन्हा कोणाला उंटांसाठी वाळवंट हवं असेल. मी नाही म्हणू शकणार नाही. म्हणून आत्ताच सांगून ठेवते. जूनमध्ये याल तेव्हा माझ्यावरचं नाव वाचून पुढे जाऊ नका. आणि तुमच्या बाकावर एखादी खुशी काही दाबून धरून बसली असेल, तर तिच्याकडेही लांबून पाहून खूण करू नका. जवळ या. बाही वर करा. तळ लागेपर्यंत हात घाला.