सांडव्याकाठचं वावर

वीस मिलिमीटरचं काचेचं मोजपात्र पुष्पाबाईनं सहाव्यांदा भरलं, तरी पर्जन्यमापकाच्या बाटलीत पाणी शिल्लकच होतं. उरलेलं तिनं सातव्यांदा ओतलं. अकरा. म्हणजे एकशे एकतीस. शाळेच्या आवारात उभं राहून तिनं आकडा दोनदा तपासला आणि वहीत लिहिला. लिहिताना पेन नीट चालेना. वही कोरडी होती, तिचा हातच ओला होता.

"किती झाला वं काकू?" रस्त्यावरून जाणाऱ्या बबलूनं जेसीबी थांबवून विचारलं.

"एकशे एकतीस."

"वा! मस्त झाला मंग!" तो हसला आणि निघून गेला.

पुष्पाबाई हसली नाही. जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीपासून सात-आठ किलोमीटरवरच्या या बोरमाळ गावात ती बारा वर्षं पाऊस मोजत होती. परदेशी मदतीच्या योजनेतून गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव झाला, तेव्हा योजनेच्या लोकांनी पर्जन्यमापक बसवला आणि सातवी शिकलेली, अक्षर चांगलं असलेली बाई म्हणून तिला हे काम दिलं. रोज सकाळी साडेआठला बाटली मोजायची आणि महिन्यातून एकदा सहा विहिरींत दोरी सोडून पाणी किती खाली आहे ते लिहायचं. पहिली काही वर्षं एका दिवसात साठ मिलिमीटर पडला तरी गाव त्याबद्दल आठवडाभर बोलायचं. गेल्या चार वर्षांत मात्र तिच्या वहीत शंभराच्या वरचा आकडा हा तिसऱ्यांदा आला होता. मधले महिने कोरडे जात आणि मग आभाळ एकदम अंगावर येई.

त्या दिवशी ती घरी न जाता तलावावर गेली. तलाव भरला की जादा पाणी बाजूनं काढून देणारा सांडवा आठ मीटर रुंद होता. त्यातून पाणी कडेला घासत, फेसाळत चाललं होतं. तलावाचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या पाळीवर उभं राहिलं की खाली नाल्याकाठची वस्ती दिसे. अकरा घरं, पत्र्याची छपरं, अंगणात बांधलेल्या शेळ्या. पुष्पाबाईनं पाण्याकडं पाहिलं, मग छपरांकडं पाहिलं. मग पुन्हा पाण्याकडं.

जानेवारीत योजनेचा दुसरा टप्पा आला. जालन्याहून गंधाली मॅडम आल्या. तिशीतल्या इंजिनिअर, पायात साध्या चपला. गावाची मागणी एकच होती, पाळीची उंची दीड मीटर वाढवा, म्हणजे एप्रिलपर्यंत पाणी पुरेल. पण आता मदत देणाऱ्यांच्या अर्जात नवीन प्रश्न आले होते. हवामान बदलतंय, ते या कामात कसं धरलं आहे? गेल्या दहा वर्षांत एका दिवसात सर्वांत जास्त पाऊस किती पडला?

सरपंचांनी पुष्पाबाईकडं बोट दाखवलं.

गंधाली मॅडम तिच्या ओट्यावर दीड तास वह्या चाळत बसल्या. हातातला चहा तसाच राहिला.

"पुष्पाताई, हा सांडवा कुठल्या आकड्यावर बांधलाय माहितीये? चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या पावसाच्या. तुमच्या वहीतला पाऊस त्याला झेपणार नाही."

"मला तेच वाटून राह्यलं व्हतं मॅडम. पन म्या कोनाला सांगू?"

"ग्रामसभेत सांगाल?"

तिनं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा ती सभेत उभी राहिली. तीन तारखा आणि तीन आकडे वाचून दाखवले. मग गंधाली मॅडमनी पुढचं सांगितलं. आधी सांडवा वीस मीटर रुंद करायचा, मग उंची. आणि सांडव्यासाठी शेजारची अठरा गुंठे जमीन गावानं द्यायची, कारण योजनेत मोबदल्याची सोय नाही.

सभेत सगळ्यांच्या माना एका बाजूला वळल्या. सांडव्याशेजारचं वावर पुष्पाबाईच्या नवऱ्याचं, रामप्रसादचं होतं.

रामप्रसाद उठून गेला. घरी आल्यावर त्यानं दाराची कडी लावली आणि हळू आवाजात म्हणाला, "सगळ्या गावासमोर मला नागवं केलं तू."

"आवो, जागा कोनती लागंल ते मला तरी कुठं ठाव व्हतं?"

"ते वावर न्हवतंच. मुरमाड व्हतं, कुसळ उगवत न्हवतं. माझ्या बापानं चार उन्हाळे बैलगाडीनं गाळ वाहून केलंय ते. गाडी वढता वढता त्याचा एक बैल मेला. आन तिथं आता पानी सोडायचं?"

"खाली अकरा घरं हायेत."

"बारा वर्सं झाली, काय झालं का त्यायला?" तो थांबला. "तुझ्या त्या काचेनं माझं वावर खाल्लं बघ."

त्यानं संमतीच्या कागदावर सही केली नाही. सरपंच दोनदा आले. मुलगा कल्याण जालन्याला एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये होता, तोही सुट्टीला येऊन बापाला समजावून गेला. सांडवा नाही तर उंचीही नाही, असं योजनेनं कळवलं. अठरा गुंठ्यांपायी सगळं काम थांबलं.

त्या उन्हाळ्यात मार्चमध्येच टँकर सुरू झाला. रांगेत पुष्पाबाई आली की बायका बोलायच्या थांबत. एकदा कुणीतरी मागून म्हणालं, "ही न बोलती तर पुढल्या साली तरी टँकर लागला नसता." तिनं हंडा भरला आणि डोक्यावर घेतला. गाव तहानेला भीत होतं, तिला पाण्याची भीती वाटत होती. आणि हे बोलायला घरातसुद्धा कुणी नव्हतं. रामप्रसाद कामापुरतं बोले. जेवण झालं की वावराकडं जाई. त्या वर्षी त्यानं तिथं मिरची लावली. ऑगस्टपर्यंत झाडं कमरेला आली आणि पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात दोन तोड्यांची मिरची त्यानं विकलीही.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सलग पाच दिवस पाऊस लागला. तलाव तुडुंब भरला. सहाव्या दिवशी सकाळी चौसष्ट मिलिमीटरची नोंद झाली. मग तास-दोन तास उघडीप मिळाली आणि अकराच्या सुमाराला वायव्येकडून आभाळ काळंनिळं होऊन उतरलं. भर दुपारी घरात दिवा लावावा लागला. पावसाला थेंब असे नव्हतेच. पत्र्यावर सतत खडी ओतल्यासारखा आवाज होता, आणि तो कमी होण्याची वाट पाहता पाहता तासाभरानं पुष्पाबाईच्या ध्यानात आलं की तो वाढतोच आहे.

तिनं डोक्यावर पोत्याची खोळ घेतली आणि तलावावर गेली.

सांडवा काठोकाठ भरून वाहत होता. तरी तलावातलं पाणी चढतच होतं. पाळीच्या माथ्यापासून ते हातभर खाली होतं. ती पाहत असताना एक वाळलेली फांदी वाहत आली आणि पाळीच्या दगडांना टेकली. थोड्या वेळानं फांदी ज्या दगडाला टेकली होती तो दगड दिसेनासा झाला.

तिनं पदराआड मोबाइल धरून गंधाली मॅडमला फोन लावला.

"माथ्यापासून किती खाली आहे, ताई?"

"हातभर. न्हाई, कमीच आता."

"वस्ती खाली करा. आत्ता. मी तहसीलला कळवते, पण पूल पाण्याखाली गेलेत, तुमच्यापर्यंत कुणी येईल याची खात्री नाही. पाळीवरून पाणी गेलं, तर माती टिकणार नाही."

पुष्पाबाई धावली. पन्नाशीची बाई, चिखलात दोनदा पडली. पहिल्याच घराची कडी तिनं अशी वाजवली की आतलं पोर रडायला लागलं.

"निघा! शाळेत चला जल्दी! सगळं ऱ्हाऊ द्या!"

"काय झालं?"

"पाळ जाईल!"

काही जण लगेच निघाले. काही जण ट्रंक, पोती, गॅसची टाकी उचलू लागले. तिनं दीपमाला नावाच्या बाळंतिणीच्या हातातलं पातेलं हिसकून फेकलं आणि तिच्या कडेवर बाळ दिलं. शेवटच्या घरात साळूबाई होती, सत्तरीची. ती चुलीपुढून हलेना.

"मही शेळी व्यायला झाली. तिला सोडून म्या कुठं जाऊ?"

"साळूबाई, पाया पडते तुमच्या."

"तू त्या टायमाला बी असंच म्हनली व्हती सभेत. काय झालं?"

पुष्पाबाईला ओरडायचं होतं, पण तोंडातून नुसतं हुंदक्यासारखं काहीतरी निघालं. म्हातारीनं तिच्याकडं वर पाहिलं. पुष्पाबाईचे दात वाजत होते, आणि ते थंडीनं नव्हतं. साळूबाई उठली. दोघींनी मिळून शेळी ओढत शाळेपर्यंत नेली.

अकराही घरांतली माणसं शाळेत आली, हे मोजून झाल्यावर ती परत वर गेली. का गेली, हे तिला नंतर कधी सांगता आलं नाही. पाळ फुटताना पाहायची तिला छाती नव्हती आणि न पाहताही राहवत नव्हतं.

पाणी आता माथ्यापासून दीड वीतच खाली होतं. पाळीच्या खालच्या अंगाला एका ठिकाणी माती ओली होऊन घसरली होती. गावातले पंधरा-वीस पुरुष पोती भरून टाकत होते, आणि पोती पाण्यापुढं खेळण्यातली वाटत होती.

रामप्रसाद त्यांच्यात नव्हता. तो आपल्या वावरात, मिरचीच्या मधोमध उभा होता. डोक्यावर काही नाही, सगळा निथळत होता. तो सांडव्याकडं पाहत होता. मग त्यानं खाली वस्तीकडं पाहिलं. तिथं आता कुणी नव्हतं, पण घरं होती.

तो बांधावरून चढून वर आला. पुष्पाबाईच्या शेजारून गेला, थांबला नाही. थेट पाळीच्या टोकाशी उभ्या असलेल्या बबलूच्या जेसीबीपाशी गेला.

"बबल्या, मशीन माझ्या वावरात घाल."

"काका, मिरची हाय तिथं."

"दिसून राह्यलं मला. सांडव्याच्या काठानं खोद. खालून खोदत वर ये, पान्याकडची माती शेवटी काढ. न्हाईतर मशीनसंगं जाशील."

बबलूनं पुष्पाबाईकडं पाहिलं, जणू तिची परवानगी हवी होती. तिनं मान डोलावली.

पाऊण तास जेसीबी चालला. रामप्रसाद पुढं चालत हातानं रेष दाखवत होता, इथून, इथपर्यंत. लाल-हिरव्या मिरच्यांनी लगडलेली झाडं मुळांसकट बकेटमध्ये येत आणि बाजूला पडत. त्यानं एकदाही वाकून एखादं झाड उचललं नाही. काळी माती कमरेइतकी खोल होती, त्याखाली पिवळट मुरूम लागला. शेवटचा मातीचा बांध काढला तेव्हा बबलूनं मशीन झटकन मागं घेतली आणि पाणी आत शिरलं.

आधी ते सावकाश आलं. मग त्याला उतार सापडला. वावराचे काठ मोठाल्या ढेपांनी कोसळू लागले. प्रत्येक ढेप पडली की जमिनीला हादरा बसे, आणि प्रत्येक हादऱ्याला पुष्पाबाईला वाटे की पाळच गेली. ती डोळे मिटून उभी होती. कितीतरी वेळानं कुणीतरी ओरडलं, "उतरलं! वीतभर उतरलं!"

तिनं डोळे उघडले. पाळीवरच्या दगडांची ओली रांग पाण्यावर आली होती.

रामप्रसाद खाली बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"सगळे आले का शाळेत?" त्यानं विचारलं.

"आले."

"साळूबाई?"

"ती बी. शेळीसंगं."

"बराबर," तो म्हणाला.

नाल्याचा लोंढा मोठा झाला आणि वस्तीतली काठावरची दोन घरं वाहून गेली. माणूस एकही गेलं नाही. पाळ राहिली.

पाच दिवसांनी रस्ता सुरू झाला तेव्हा गंधाली मॅडम आल्या. ऊन पडलं होतं. जिथं वावर होतं तिथं पिवळा मुरूम उघडा पडला होता, धुऊन काढल्यासारखा. काठाला एक-दोन मिरचीची झाडं उलटी लोंबत होती. संमतीचा कागद मॅडमच्या पिशवीत होता, तो त्यांनी बाहेर काढला नाही.

"मोजावं लागेल," त्या शेवटी संकोचून म्हणाल्या. "नवीन नकाशा काढायचा तर सांडव्याची रुंदी लागेल." त्यांनी मोठी टेप काढली. दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. पुष्पाबाई पुढं होणार तेवढ्यात रामप्रसादनं हात पुढं केला.

टेपचं टोक घेऊन तो अनवाणी मुरमावरून चालत गेला, पलीकडच्या कडेपर्यंत.

"किती झालं?" त्यानं तिकडून विचारलं.

"सव्वीस मीटर."

"आन तुमच्या कागदात किती व्हतं?"

मॅडमनी टेपकडंच पाहत सांगितलं, "वीस."

रामप्रसादनं खाली पायांकडं पाहिलं, मग मागं उरलेल्या वावराच्या पट्टीकडं. तेवढ्यात वारा सुटला आणि टेप फडफडायला लागली.

"लिहून घ्या मंग," तो म्हणाला, आणि टेपचं टोक हलू नये म्हणून त्यानं जवळचा एक दगड उचलून त्यावर ठेवला.