वांगची न्याहारी

रेशमाचं गाठोडं पाठीवर टाकून हिंडणारे चिनी फेरीवाले त्या काळी वऱ्हाडात अधूनमधून दिसत. वांग त्यांतलाच. वाशीमला आगगाडीतून उतरून, वाटेतली गावं करत तो आसेगावात पोचला तेव्हा दिवस मावळला होता. पुंजाजी नावाच्या शेतकऱ्यानं त्याला ओसरीवर जागा दिली.

सकाळी पुंजाजीची बायको गोजराबाई हिनं पाहुण्यापुढं न्याहारी ठेवली. ज्वारीची शिळी भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. वांगनं ठेचा जन्मात पाहिला नव्हता. ही कसलीशी पाल्याची भाजी असावी असं समजून, यजमानीणबाईंना बरं वाटावं म्हणून त्यानं अख्खा गोळा एकदम तोंडात टाकला.

आधी कान तापले. मग जीभ कुठं गेली ते कळेना. दुसऱ्याच्या घरी अन्न थुंकायचं नाही एवढी रीत त्याला होती. त्यानं डोळे मिटून गिळलं. उघडले तेव्हा धारा लागल्या होत्या.

गोजराबाईचा जीव कळवळला. "काहून रडतं रे बाप्पा? माय याद येऊन राह्यली काय? माय?"

वांग चमकला. बाकीचं काही कळलं नाही, पण हा शब्द तर थेट त्याच्या घरचा! त्याच्या भाषेत 'माय' म्हणजे विकत घेणं, आणि सूर जरा बदलला की विकणं. बाई कापडाचं विचारत होती! त्यानं गाठोड्याकडं बोट केलं आणि सुजल्या जिभेनं ओरडला, "माय! माय!"

"अहो, आयकलं काय?" गोजराबाईनं नवऱ्याला हाक मारली. "गाठोडं बांधूनच ठेवलं लेकरानं. मायकडं जातो म्हनते!"

हां हां म्हणता ओसरी बायकांनी भरली. पिंजाऱ्याची म्हातारी अमीनाबी पुढं झाली. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "जा बेटा, माँ राह देखती होगी." जी येई ती "माय" म्हणे, आणि वांग आनंदानं मान डोलावी. तो मान डोलावी तशा बायका जास्तच रडत. विकत घ्यायला इतकं रडणारं गिऱ्हाईक त्यानं कुठल्याच मुलखात पाहिलं नव्हतं.

पुंजाजीनं गाडी जुंपली. निघण्याआधी गोजराबाईनं ज्वारीच्या शिजवलेल्या कण्या ताकात कालवून आणल्या. वांगनं भीत भीत एक घास घेतला आणि तो थबकला. त्याच्या गावाकडची राळ्याची पेज अशीच लागे. त्यानं वाडगं चाटून पुसून साफ केलं. जीभ ताळ्यावर आली, तसं त्याला हिंदुस्तानीही आठवलं.

"रेशम," तो म्हणाला. "लेगा?"

पुंजाजीनं कानाला हात लावला. "मायसाठी नेतं ते आमी कसं घेऊ?"

अमीनाबीचं 'माँ' वांगच्या डोक्यात लखकन चमकलं. "माँ नहीं! बेचेगा!"

"पाय वं, बावचळला बिचारा," पुंजाजी बायकोकडं वळून हळहळला. "मायचं लुगडं इकाले निंगाला."

आता वांगला सगळा उलगडा झाला. आई? तिच्या तोंडाला कंटाळून तर तो घरातून पळाला होता! पण समोर एवढं गाव डोळे पुसत उभं होतं. त्यांना सांगायचं कसं? तो मुकाट्यानं गाडीत चढला.

वाशीम स्टेशनावर पुंजाजी खिडकीशी जाऊन म्हणाला, "एक चीनचं द्या."

बाबूनं त्याच्याकडं आणि वांगकडं आळीपाळीनं पाहिलं आणि अकोल्याचं तिकीट फाडलं. "पुढचं तिथं इचारा."

डब्यात बसल्यावर वांगला राहवेना. त्यानं पिवळ्या रेशमाचं ठाण काढून खिडकीतून टोक फलाटावरच्या पुंजाजीच्या हातात दिलं. गोजराबाईला चोळी व्हावी, एवढंच त्याच्या मनात होतं. पुंजाजीनं ते परत आत कोंबलं. वांगनं पुन्हा बाहेर ढकललं. ह्या झटापटीत गाडी हलली. पुंजाजी टोक धरून धावू लागला, "मायले दे! मायले दे!" आणि वांगच्या हातात ठाण गरागरा फिरत सुटलं. फलाटभर पिवळी नदी पसरली. शेवटी वांगच्या हातात ठाणाच्या आतली नुसती लाकडी पट्टी राहिली.

तो पट्टीकडं पाहत बसला आणि मग एवढ्यानं हसला की डब्यातले लोक सरकून बसले. चीनला तो गेलाच नाही. उरलेला माल अकोल्यात विकून त्यानं नागपूरची गाडी धरली.

आसेगावात मात्र त्या वर्षी निम्म्या बायकांच्या अंगात पिवळी चोळी होती, अमीनाबीला दुपट्टा मिळाला होता आणि पोळ्याला पुंजाजीचे बैल चिनी रेशमाच्या झुली घालून मिरवले.