पाठीवर चिकटवलेला आकडा

धाकट्या लेकाच्या खिशांनी मोठ्या बाईंना जन्मभर छळलं होतं. लहानपणी त्यातून मेलेले नाकतोडे निघायचे, आता चाळिशीला टेकला तरी किल्ल्या, पावत्या, गोळ्यांचे चिकट कागद निघत. खिसे रिकामे केल्याशिवाय कपडे इस्त्रीला टाकू नकोस, हे सांगून सांगून बाईंच्या जिभेला घट्टे पडले होते. आज तर त्याने कहर केला. दवाखान्याचा पेनड्राइव्ह पँटच्या खिशात आणि पँट इस्त्रीवाल्याकडे!

त्याची बायको, धाकटी सून, मनाच्या दुखण्यांची डॉक्टर. पेशंट तिच्यापुढे बसून जे बोलत, ते त्यांना विचारूनच रेकॉर्ड व्हायचं आणि त्या पेनड्राइव्हवर राहायचं. त्याला बारीक बटणं होती. ठरलेला आकडा दाबल्याशिवाय आतला एक शब्द कुणाला कळायचा नाही. धाकटा दवाखान्याचं टेबल सांभाळायचा आणि संध्याकाळी पेनड्राइव्ह घरी आणून कपाटात ठेवायचा. त्यातलं काही बाहेर फुटलं असतं, तर सुनेपुढे पुन्हा कुणी तोंड उघडलं नसतं.

"आई, कुलूप आहे त्याला. उगाच घाबरू नकोस."

"मी कुठे घाबरलेय? तुझंच तोंड चुना फासल्यासारखं झालंय. बोल, काय लपवतोयस?"

धाकट्याने मान खाली घातली. "आकडा लक्षात राहत नव्हता. कागदाच्या पट्टीवर लिहून त्याच्या पाठीला चिकटवलाय."

बाईंनी कपाळाला हात लावला नाही. चपला घातल्या, पदर खोचला. "चल पुढे. शहाणपण वाटेत पाजळ."

इस्त्रीवाला शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडत होता. बाईंना बघताच त्याने इस्त्री उभी केली आणि गल्ल्यातून पेनड्राइव्ह काढून पुढे ठेवला. पट्टी तशीच होती.

"उघडलास?" बाईंनी सरळ विचारलं.

"खोटं कशाला बोलू, मोठ्या बाई? वाटलं, गाणी असतील. मागे आकडा होता, तो दाबला, टीव्हीला लावला. नुसती नावं. म्हटलं, गायिका असतील." तो ओशाळून हसला आणि लगेच थांबला. "त्यात माझ्या मेहुणीचं नाव. ही कधीपासून गायला लागली, म्हणून लावलं. ती रडत होती. 'घरी शिवणक्लास सांगून येते,' म्हणाली. तेवढं ऐकलं नि ओढून काढला."

धाकट्याने पेनड्राइव्ह उचलून मुठीत घेतला.

"बायकोला सांगितलंस?" बाईंनी इस्त्रीवाल्याला विचारलं.

"नाही. सांगणारही नाही. पण आता ती जेवायला आली की मी तिच्याकडे बघू कसा?"

"पूर्वी बघायचास तसा. जमेल तुला," बाई म्हणाल्या. "खरं बोललास, तिथेच तुझी पारख झाली."

रस्त्यावर येताच धाकट्याला कंठ फुटला. पट्टी टराटरा सोलून तो म्हणाला, "मिटलं बघ, आई. माणूस भला आहे, बोलणार नाही. हिला कशाला सांगायचं? विनाकारण डोक्याला ताप."

बाई भर फुटपाथवर थांबल्या. मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवून थकला आणि वळसा घालून गेला.

"तुझं मिटलं. त्या पोरीचं काय? तिने एका माणसापुढे मन मोकळं केलं, ते तू इस्त्रीच्या दुकानात वाजवलंस. ती उद्या भावजीच्या पानात आमटी वाढेल नि तिला पत्ताच नसेल की ह्याला माहीत आहे. दवाखान्यात चल. बायकोसमोर उभा राहून सगळं सांग, पट्टीपासून. मग ती त्या पोरीला बोलावील. पोरीने तुला शिव्या घातल्या तर खाली मान घालून ऐकायच्या, मध्ये 'पण' म्हणायचं नाही. आकडा बायको बदलेल, तुला सांगणार नाही. आणि पेनड्राइव्ह घरी न्यायचं काम आजपासून माझं. मला आकडा नकोच. तू माझा लाडका आहेस रे, पण विश्वासाचा नाहीस. पुन्हा विश्वासाचा व्हायचं असेल, तर सुरुवात आता दवाखान्यात कर. चल, पाय उचल."