दंड उतरेपर्यंत

मुलगी काय करते असं कोणी विचारलं, की मोठ्या सिस्टर सांगायच्या, "कॉम्प्युटरचं काहीतरी." अख्खं रुग्णालय बोटावर नाचवणारी बाई, पण पोटच्या पोरीच्या कामापाशी तिची गाडी अडायची. त्यातून ही लेक, ठकू, त्यांच्याच रुग्णालयात, जिन्याखालच्या खोलीत बसायची.

आज त्या खोलीवर सगळ्यांचा जीव टांगलेला होता. एका ड्रायव्हरच्या मानेतली गाठ काढायची होती. इथल्या डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया कधी एकट्याने केली नव्हती. शहरातल्या मोठ्या डॉक्टरीणबाई पडद्यावर बघत त्यांना सांगणार होत्या. चित्र मधेच तुटलं, तर सुरी मानेत आणि सांगायला कोणी नाही.

शहराशी जोडणाऱ्या दोन लाइनी होत्या. नवी जमिनीखालून गेलेली, वाऱ्यासारखी. जुनी गच्चीवरच्या तबकडीतून टेकडीवरच्या मनोऱ्याला टप्पा घेत, रमतगमत जाणारी. एरवी ठकूच्या खोलीतला राउटर, म्हणजे वाट निवडणारं यंत्र, आपणहून नवीच निवडायचा. पण सकाळपासून बाहेर रस्ता खणत होते आणि नवी लाइन सारखी जात-येत होती. आता ती परत आली होती. ऑपरेशनच्या खोलीतल्या डब्यावर दोन्ही लाइनींचे हिरवे दिवे लागले होते, तरी राउटर जुनीलाच चिकटून.

डॉक्टर वैतागले. "सिस्टर, चांगली लाइन आलीय आणि तुमची लेक खटारा वापरतेय. माझं ऐकत नाही, तुम्ही तरी सांगा."

सिस्टर तरातरा जिन्याखाली गेल्या. "ठकू, हट्ट पुरे. लाइन आलीय ना?"

"आलीय. सकाळपासून किती वेळा आली, ते विचार."

"म्हणजे?"

"जी वाट सारखी जाते-येते, तिला राउटर दंड लावतो. पडली की वाढवतो. गुमान चालली की दंड हळूहळू उतरतो. पुरेसा उतरला की मग तिला परत घेतो. तोवर कितीही वेगवान असू दे, बाहेर. कारण ती पडून वाट बदलली, की दर वेळी चित्र तुटतं."

"आणि हा दंड तुला पुसता येत नाही?"

"येतो की. एक ओळ टाइप केली की झालं." ठकूने कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. "डॉक्टरांना ते ठाऊक आहे, म्हणून तर चिडलेत."

मग पूस की, हे शब्द सिस्टरांच्या अगदी ओठांवर आले.

"आई, तुझ्या त्या चपळ हाताच्या नर्सला आज का नाही घेतलंस?"

"ती मधेच फोन घ्यायला बाहेर जाते. महिनाभर नीट वागली की घेईन..." सिस्टर बोलता बोलता थांबल्या. पोरीने त्यांचाच कायदा त्यांच्यापुढे ठेवला होता. त्यांना भीती वाटत होती ती वाटतच राहिली, पण पोरीबद्दलचा अभिमान त्या भीतीहून मोठा निघाला.

वर येऊन त्या म्हणाल्या, "डॉक्टर, जुनीच राहू दे."

"ती म्हणतेय?"

"मी म्हणतेय."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि हातमोजे मागितले.

चित्र जरा धूसर होतं, पण सलग होतं. डॉक्टरीणबाई शांतपणे सांगत होत्या आणि डॉक्टर करत होते. गाठ अर्धी सुटली, तेवढ्यात बाहेर खोदकामाच्या यंत्राचा धडधडाट झाला आणि डब्यावरचा नव्या लाइनीचा दिवा विझला. सिस्टरांनी तो पाहिला. डॉक्टरांनीही पाहिला आणि सुरी होती तिथेच धरली.

"का थांबलात?" पडद्यातून आवाज आला. "छान चाललंय. ती नस सांभाळा आणि पुढे चला."

चित्र हललंसुद्धा नव्हतं.

गाठ निघाली. डॉक्टर हात धुऊन थेट जिन्याखाली ठकूचे आभार मानायला गेले आणि हसत परत आले.

दुपारी ड्रायव्हरने डोळे उघडून पाणी मागितलं. त्याची बायको डोळे पुसत म्हणाली, "सिस्टर, डॉक्टरसाहेब म्हणाले, जिन्याखालच्या ताईंचेही आभार माना. कोण त्या? काय करतात?"

सिस्टरांनी खुर्ची ओढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याकडे उत्तर होतं आणि ते चांगलं लांबलचक होतं.

"माझी लेक आहे," त्या म्हणाल्या. "वाटा दोन असल्या, की भरवशाची कुठली ते ठरवते. कसं ठरवते, ते सांगते. बसा."

फोनवाली नर्स औषधं घेऊन आली होती. ती हळूच मागे सरकू लागली.

"तूही बस," सिस्टर म्हणाल्या. "तुझा दंड अजून उतरायचाय."