जास्तीची गाठ

मी अँब्रोजच्या कमरेचा पट्टा बोलतोय. गाईच्या कातड्याचा, रुंद आणि ओबडधोबड. पण इंग्लंडातल्या सफोकमधल्या आमच्या गावात माझ्याइतकी प्रवचनं कुणालाच पाठ नव्हती, अगदी पाद्रीबाबांनासुद्धा!

अँब्रोज एका कापडवाल्याकडे लोकर विंचरायचा. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून त्याने माझ्या कडेला बारीक वाद्या लावून घेतल्या. चर्चमध्ये प्रवचन झालं की एका वादीला एक गाठ. रविवारी दुपारी मालकीणबाई टॉमसिन घरच्या सगळ्यांना बसवून प्रवचन म्हणवून घ्यायच्या. दासी माना खाली घालायच्या. अँब्रोज मात्र गाठ चाचपायचा आणि सुरू व्हायचा.

"अँब्रोजकाका, जरा अडखळा की!" दासी कुजबुजायच्या. "आमची लाज निघते हो."

मला फार अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू?

एका वर्षी त्याची सहा वर्षांची मुलगी सिसली तापाने गेली. तिची आई तिच्या जन्माच्या वेळीच गेलेली. अँब्रोजच्या लहानपणी मेलेल्यांच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून त्यांची नावं दरवर्षी चर्चमध्ये मोठ्याने वाचत. त्याच्या आईचं नाव त्याने तसंच ऐकलेलं. नव्या प्रॉटेस्टंट धर्मात ते सारं बंद झालं होतं. नावांची ती यादी जाळून टाकली होती. पाद्रीबाबा म्हणाले, "मेलेल्यासाठी प्रार्थना करणं पाप आहे, अँब्रोज. तिचा निवाडा झाला. आता तिचं नाव देवावर सोड."

मान डोलावून तो घरी आला आणि त्याने माझ्या वादीला एक जास्तीची गाठ मारली.

लोकर विंचरता विंचरता तो मधेच दाराकडे वळायचा. "आलो गं," म्हणायचा. दारात कुणीही नसायचं. मग ती गाठ धरून हळूच नाव घ्यायचा, "सिसली," आणि त्याचा श्वास जागेवर यायचा. एकदा मलाच म्हणाला, "नाव घेणारा मी एकटा उरलोय. मी चुकलो तर पोरगी भटकत राहील." तेव्हापासून मलाही भीती वाटू लागली.

एका रविवारी टॉमसिनबाईंनी आपली वही आणि माझ्या गाठी ताडून पाहिल्या.

"अँब्रोज, तुझी एक जास्त भरतेय रे. ही कुठली?"

सगळे बघत होते. खरं सांगितलं असतं तर गाठ तिथल्या तिथे सोडायला लावली असती. अँब्रोजला घाम फुटला. तो मला कमरेवर जाणवला.

"शेजारच्या गावी लोकर पोचवायला गेलो होतो ना, बाईसाहेब. तिथे ऐकलं. हरवलेल्या मेंढराचं."

"बघा, याला म्हणतात भक्ती!" बाई खूश झाल्या आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

गाठ वाचली. आम्ही दोघं सुटलो असं मला वाटलं.

पुढे वय झालं तसा अँब्रोज विसरू लागला. आधी सकाळचं जेवण, मग माणसं. प्रवचनं तेवढी पक्की राहिली. एका दुपारी त्याची बोटं त्या गाठीवर आली आणि थांबली. पुन्हा पुन्हा चाचपत राहिली.

"बाईसाहेब, ही कशाची हो?"

बाईंनी मायेने वही काढली. "अरे, विसरलास? हरवलेल्या मेंढराचं!"

"हो की!" त्याचा चेहरा उजळला. "नव्याण्णव मेंढरं सोडून मेंढपाळ हरवलेल्या एकाच्या मागे गेला!"

मी जीव तोडून ओरडलो. पण कातड्याचा आवाज कुणाला ऐकू जाणार? त्या दिवसापासून त्या गाठीवर तो मेंढराचीच गोष्ट म्हणायचा, रोज, आनंदाने. दाराकडे पुन्हा कधी वळला नाही.

त्याला पुरलं तेव्हा पाद्रीबाबा म्हणाले, "हा माणूस शेवटपर्यंत काही विसरला नाही."

आता मी भिंतीवरच्या खिळ्याला लटकतो. बाईंची नातवंडं माझ्यावर प्रवचनं शिकतात आणि त्या गाठीशी येऊन "मेंढरू!" म्हणून ओरडतात. त्याच वेळी दाराबाहेर कुणीतरी थबकतं. पावलं हलकी असतात, लहान पोराची. ते वाट बघतं आणि आपलं नाव येत नाही म्हणून तिथेच उभं राहतं.

मला तोंड नाही. तुम्हाला आहे. माझी एवढीच विनवणी, एकदा मोठ्याने म्हणा: सिसली.