सांदालची पुतणी

कुशलने पोह्यांत चमचा रोवला आणि बशी तशीच टीपॉयवर ठेवून दिली. या घरचा घास खायचा नाही, हे सिंगापुरातल्या बिशानच्या घरातून निघतानाच ठरलं होतं. आधी गोड बोलायचं, मुलगी पसंत पडली असं सगळ्यांना वाटू द्यायचं आणि मग चारचौघांत बाबांचं नाव घेऊन नकार हेमचंद्रांच्या तोंडावर मारायचा.

हेमचंद्र पाहुण्यांना जुरोंग आयलंडवरच्या गमती सांगत होते. तिथल्या एका कंपनीत ते सुरक्षाप्रमुख होते. पूर्वी, पुण्याजवळच्या कारखान्यात, कुशलच्या वडिलांच्या, प्रबोधच्या हाताखाली होते आणि मित्रही. तिथे स्फोट झाला. प्रबोध रजेवर होते; जाताना सुरक्षेची झडप बंद ठेवून गेले, असं हेमचंद्रांनी चौकशीत सांगितलं. खरं तर झडप हेमचंद्रांनीच बंद करवली होती. पण स्फोटात गेला तो त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, आणि अशा माणसाच्या शब्दावर शंका कोण घेणार? प्रबोधची नोकरी गेली. पुढे कित्येक वर्षं ते सकाळी कारखान्याचा शर्ट घालून गॅलरीत उभे राहत आणि कंपनीची बस कोपऱ्यावरून वळली की आत येऊन शर्ट बदलत. परवाच्या दिवाळीआधी ते गेले. मागच्या महिन्यात हेमचंद्रांनी कुशलच्या आईला फोन केला. पुतणी अनघा लग्नाची आहे, कुशलही सिंगापुरातच आहे, झालं गेलं विसरू या, म्हणाले.

हेमचंद्रांच्या पत्नी शैलाकाकूंनी कुशल आणि अनघा दोघांना बाल्कनीत पिटाळलं. खाली ईस्ट कोस्टच्या वाटेवर सायकली पळत होत्या, पलीकडे जहाजं नांगर टाकून उभी होती. अनघाने काम काय करता ते विचारलं. चुनखडी कशी झिजते ते तपासतो, त्याने सांगितलं; सध्या बोस्नियातल्या मध्ययुगीन थडग्यांचे नमुने आलेत, आणि दगड तपासता तपासता दगडाखालच्या माणसांविषयी वाचायची खोड लागली आहे.

"कोण माणसं?"

हीच संधी होती. त्याने खुर्ची दाराकडे किंचित वळवली.

"पाव्लोविच. सरदार घराणं. त्यांचा कर्ता पुरुष, पाव्ले, राजाबरोबर रपेटीला गेला आणि वाटेत त्याला मारलं. कट रचला सांदाल नावाच्या दुसऱ्या सरदाराने. सोबतीला होता तोच. थोरल्या मुलाचे डोळे काढायचं ठरलं होतं, पण तो निसटला. मग मुलं वर्षानुवर्षं लढली."

"आणि?"

"थोरला लढाईत पडला. धाकट्याने, रादोस्लावने, सांदालच्या पुतणीशी लग्न केलं. तह म्हणून."

शेवटचं वाक्य त्याने आत ऐकू जाईल अशा बेताने उच्चारलं. आत कुणीतरी हसलं, पण ते दुसऱ्याच कशाला तरी.

अनघाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"तिला काय सांगितलं होतं?"

"कुणाला?"

"पुतणीला. पाव्लेला कुणी मारलं म्हणून."

"तसं काही माझ्या वाचनात नाही."

"मला सांगितलंय," ती म्हणाली. आवाज अगदी खाली आला होता. "मी तुम्हाला नकार द्यायलाच बसलेय. फोनवरही देता आला असता, पण मला तुमचं तोंड बघायचं होतं. तुमच्या वडिलांनी माझ्या बाबांना मारलं."

ती कुणाची मुलगी आहे हे कुशलला ठाऊक होतं. पण या खुर्चीत आपल्यासारखंच कुणी दात आवळून बसलं असेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"काका सांगतात, दोघे आत होते. बाबा हाका मारत होते आणि तुमचे वडील मागे न बघता बाहेर पळाले. काकांनी माफ केलं त्यांना. मला नाही जमलं."

 महिनाभर घोकलेलं भाषण ओठांवर आलं, आणि त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं.

"त्या सकाळी बाबा माझ्याजवळ होते," तो म्हणाला. "एका उपरण्याखाली. माझ्या कानात मंत्र सांगत होते."

"मुंज?"

"हो. तुमच्या काकांनाही बोलावणं होतं. ड्युटी आहे म्हणाले."

तिने जहाजांकडे तोंड फिरवलं.

"अक्षय तृतीया," ती म्हणाली. "बाबा गेले तो दिवस."

त्याने मान हलवली. ही तिथी तिला कुणी सांगायची गरज नव्हती. दर अक्षय तृतीयेला ती वडिलांच्या फोटोसमोर पान वाढत आली होती.

आतून हेमचंद्रांची हाक आली.

"काय रे पोरांनो, एवढं काय बोलताय? पेढे काढू का?"

अनघा उठली. तिने आपली खुर्ची उचलून कुशलच्या शेजारी ठेवली. मग कोपऱ्यातली वेताची खुर्ची ओढली आणि दोघांच्या समोर मांडली.

"काका, पेढे राहू देत," ती म्हणाली. "जरा इकडे येऊन बसा. मला त्या दिवसाची गोष्ट पुन्हा एकदा ऐकायचीय. अगदी पहिल्यापासून, यांच्यासमोर."

हेमचंद्र बाहेर आले. कुशलकडे आणि मग रिकाम्या खुर्चीकडे बघत त्यांनी मागे हात नेऊन काचेचं दार सरकवायला घेतलं.

"दार उघडंच राहू दे," अनघा म्हणाली.