फळ्या फुगेपर्यंत

धरण आटलेलं, अन् अशा वक्ताला मच्छीमार सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव कोकणातून जुनी शिडाची होडी घेऊन आले! लोक पोट धरून हसले. आसाराम भोई तेवढा हसला नाही. अर्जुनराव त्याला म्हणाले होते, "धरणात उरलेल्या डोहात ही तरंगव, सोसायटीचा नावाडी तूच. मग ऊसतोडीला कशाला जायचं?"

लग्न झाल्यापासून दर हंगामाला त्यानं कोयताच हाणला होता. यंदा मुकादमाचा ट्रक यायच्या आत होडी पाण्यात पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात. त्यानं पाखरांची घाण खरवडली, सडकी फळी बदलली, सांध्यांत कापूस अन् राळ ठासली. बायकोनं, सावित्रीनं, फाटक्या शिडाला ठिगळं लावली. पण लाकूड उन्हानं एवढं वाळलेलं, की फटीतून पलीकडची बाभळ दिसायची. पाणी भरून ठेवल्याशिवाय फळ्या फुगून फटी बुजणार नव्हत्या. अन् इथं प्यायची मारामार!

शेवटी सावित्रीच टँकरपुढं आडवी झाली. "हिरीत वतताव, तितं निम्मं चिखलातच जातंय. होडीत वता. फळ्या बी भिजतील अन् आमी घागरी बी भरू."

बायांना पटलं. सुरुवातीला होडी लई गळली, बायांनी आसारामच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग फळ्या फुगल्या. थेंब गळेना! पोरगं झाल्यासारखा आसाराम गावभर सांगत हिंडला.

ट्रक यायचा त्या सकाळी तो बैलगाडी घेऊन आला. "सरका बायांनो, होडी रिती करून डोहात न्यायची हाय."

कुणी सरकलं नाही. चंद्रभागाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "रिती? आन् टँकर काय तुझ्या बोडक्यावर वतायचा का रं?"

अर्जुनरावांनी बायांची गर्दी पाहिली. सोसायटीची निवडणूक तोंडावर आलेली. "राहू दे रं आसाराम. पाणी पाजल्याचं पुण्य लागंल. पाऊस झाल्यावर बघू."

"आन् माजं काय, आण्णा?"

अर्जुनराव टँकरवाल्याशी बोलायला लागले.

आसारामनं सावित्रीकडं बघितलं. तिची घागर काठोकाठ भरलेली. तिनं मान खाली घातली. त्याला तिचा संताप आला; पण ह्याच पाण्यावर त्याची म्हातारी आई मागं राहणार होती.

ट्रकानं हॉर्न दिला. आसारामनं ठिगळांचं शीड काढलं, धूळ पडू नये म्हणून पाण्यावर ताणून बांधलं, अन् कोयता उचलला.